तुकोबारायांचे घराणे आणि वाण्याची वाट

चातुर्मासात कीर्तन आटोपून बुक्का लावणे चालू असताना एक म्हातारे वारकरी जवळ आले. पायावर डोके ठेवून म्हणाले, बुवा, आमच्या घरी पाच पिढ्यांची माळ आहे. पण आम्ही मूळचे कुठले हे कोणाला ठाऊक नाही. आजोबा म्हणत, आपण बैलांच्या मागून आलो. एवढेच. आता हे बैल कुठून आले आणि आम्ही कुठून आलो, हे कसे कळावे?

प्रश्न साधा होता, पण माझ्या मनातून जाईना. आपल्यापैकी पुष्कळांचे घराणे असेच बैलांच्या मागून आलेले आहे. कोणी मिठाच्या गोणीमागून, कोणी तेलाच्या बुधल्यामागून, कोणी कापडाच्या गाठोड्यामागून. राजे-सरदारांच्या वंशावळी दरबारात लिहिल्या गेल्या. गोरगरिबांची वंशावळ वाटेवर लिहिलेली असते, ती वाचता आली पाहिजे. ही वाट वाचायला शिकवणारा एकच थोर दाखला मला आठवला, आणि तो आपल्या सर्वांच्या घरचा आहे. श्रीतुकोबारायांचे चरित्र आपण नित्य ऐकतो. आज ते वाण्याच्या वाटेने चालत जाऊन पाहू.

संस्कृतात व्यापाऱ्यांच्या तांड्याला सार्थ म्हणतात आणि त्याच्या म्होरक्याला सार्थवाह. कौटिल्याने अर्थशास्त्रात वणिक्पथांचा, म्हणजे व्यापारी वाटांचा, चांगला ऊहापोह केला आहे. हिमालयाकडची वाट बरी की दक्षिणेकडची, असा प्रश्न घालून तो दक्षिणेच्या वाटेला कौल देतो, कारण शंख, हिरे, मोती, सोने त्या अंगाला मुबलक. त्या दक्षिणापथाचेच फाटे आपल्या सह्याद्रीतून कोकणात उतरत होते. पैठणहून निघालेला माल जुन्नरला येई, नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरावर जाई. नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे आणि जवळच दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत असे लोक सांगतात. दुसरा फाटा बोरघाटाचा. त्या वाटेवर कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी. कार्ल्याचे भव्य चैत्यगृह ज्याने करविले तो वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी होता. कुठे बनवासी आणि कुठे कार्ले! दोन हजार वर्षांपूर्वी एक व्यापारी आपले नाव आणि आपले गाव दगडावर कोरून ठेवतो. मी कोण आणि कुठून आलो, ही नोंद ठेवण्याची माणसाची हौस इतकी जुनी आहे.

आता नकाशा डोळ्यापुढे आणा. कार्ल्याच्या डोंगराखालून जी नदी वाहते ती इंद्रायणी. तीच पुढे देहूला येते. देहूच्या पश्चिमेस तळेगाव-वडगावावरून बोरघाटाची वाट. उत्तरेस चाकण-खेडावरून जुन्नरची आणि नाणेघाटाची वाट. आग्नेयेस पुणे, आणि तिथून खाली इंदापुराकडून पंढरपूर. भंडारा, भामगिरी, घोराडेश्वर हे तुकोबारायांच्या एकांताचे डोंगर, आणि या डोंगरांतही जुनी कोरीव लेणी आहेत. म्हणजे ज्या डोंगरात पूर्वी वाटसरू आणि भिक्षू विसावले, तिथेच आमचे महाराज नामस्मरणाला बसले. देहू हे आडरानातले खेडे होते असे कोणी समजू नये. घाट आणि देश यांच्या सांध्यावर ते बसलेले आहे.

या देहूत महाराजांचे घराणे होते. जातीने कुणबी, व्यवसायाने वाणी, आडनाव मोरे, उपनाव आंबिले. घराण्याकडे पेठेची महाजनकी होती. ही महाजनकी म्हणजे काय, हे आजच्या तरुण वारकऱ्यांना सांगितले पाहिजे. पेठ म्हटली की तिचे दोन वतनदार असत, शेटे आणि महाजन. वजने-मापे खरी आहेत की नाहीत हे पाहणे, बाजाराची शिस्त राखणे, व्यापाऱ्यांचे तंटे मिटविणे, सरकारचे देणे वसूल करून देणे, ही त्यांची कामे. आणि आणखी एक मोठे काम होते, पेठ वसविणे. सरकारातून कौल मिळे की येथे येऊन जे दुकान घालतील त्यांना इतकी वर्षे पट्टी माफ. मग शेटे-महाजनांनी गावोगावच्या उदमी लोकांना, वाण्यांना, तेल्यांना, कासारांना, साळ्यांना बोलावून आणायचे. माणूस नुसता येत नाही, बरं का. तो बायकामुले घेऊन येतो, कुळदैवताचा टाक घेऊन येतो, मागाहून भाऊबंद आणतो. महाराष्ट्रातील किती घराणी अशी कौलाच्या कागदावर गाव बदलती झाली याला गणती नाही. दुष्काळाने आणि लढाईने माणसे उठत, आणि पेठेच्या कौलाने बसत.

महाराजांचे मूळपुरुष विश्वंभरबाबा. वंशक्रम परंपरेने असा सांगतात: विश्वंभर, त्यांचे पुत्र हरि आणि मुकुंद. हरीचे पुत्र विठोबा, त्यांचे पदाजी, पदाजींचे शंकर, शंकरांचे कान्होबा, कान्होबांचे बोल्होबा आणि बोल्होबांचे तुकोबा. म्हणजे विश्वंभरांपासून धरले तर महाराज आठव्या पिढीत येतात. पिढीला पंचवीस-तीस वर्षे धरण्याची जुनी रीत आहे. त्या हिशेबाने विश्वंभरबाबा महाराजांच्या आधी सुमारे दोनशे वर्षे झाले असावेत. हा अदमास आहे, कागद नव्हे.

विश्वंभरबाबा दुकान सांभाळून पंढरीची वारी करीत. पुढे देवच देहूला आले, आंब्याच्या बनात मूर्ती सापडली आणि इंद्रायणीच्या काठी तिची स्थापना झाली, ही कथा आपण जाणतोच. आपल्या विषयाला महत्त्वाचे ते हे की या घराण्याला दोन वारसे मिळाले. एक पेठेची महाजनकी, दुसरी पंढरीची वारी. दोन्ही वाटेवरचीच. एका वाटेने बैल चालायचा, दुसऱ्या वाटेने माणूस अनवाणी चालायचा.

विश्वंभरांच्या मुलांनी मात्र तिसरीच वाट धरली. हरि आणि मुकुंद राजाच्या चाकरीस गेले. शिपाईगिरीत मान मोठा, पण आयुष्याचा भरवसा नाही. दोघेही लढाईत पडले. मुकुंदाची पत्नी सती गेली. हरीची पत्नी गरोदर होती, तिला माहेरी पाठविले. तिच्या पोटी विठोबा जन्माला आला आणि वेल वाचला. विश्वंभरांची पत्नी आमाबाई, तिने देहूच्या देवापाशी आयुष्य काढले. वाचकहो, सगळी वंशावळ पुरुषांच्या नावांनी लिहिलेली असते, पण ती तुटता तुटता वाचली ती एका विधवेच्या पोटी आणि एका सासूच्या धीराने. पुढे महाराज झाले ते या दोघींच्या पुण्याईने. आपल्या घरच्या वंशावळी लिहिताना आजी-पणजीचे नाव आणि तिचे माहेर अवश्य लिहा. घराणे कोणत्या वाटेने हलले हे पुष्कळदा माहेरच्या गावावरूनच कळते.

महाराजांच्याच घरी पहा ना. मातोश्री कनकाईंचे माहेर लोहगाव मानतात. दुसरी पत्नी जिजाई पुण्याच्या गुळवे सावकारांच्या घरातली. चाकणच्या तेल्यांशी पुढे जिवाचा जिव्हाळा जडला. देहू, लोहगाव, पुणे, चाकण ही सगळी बाजाराने जोडलेली गावे. बैल ज्या गावापर्यंत जाई तिथवर सोयरीक जाई. मुलीचा बाप दुकानाची पत पाहून मुलगी देत असे, आणि पत कळते ती वाटेवरच्या माणसाला.

महाराजांच्या जन्मशकाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. बहुतेक लोक शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ हे साल धरतात. वडीलबंधू सावजी विरक्त. धाकटे कान्होबा लहान. म्हणून बोल्होबांनी वयाच्या तेराव्या वर्षीच दुकानाचा भार तुकोबांवर टाकला. तेरावे वर्ष म्हणजे आजकाल पोर शाळेत असते. तेव्हा त्या मुलाच्या खांद्यावर सावकारी, दुकानदारी, घेणी-देणी, बैलांची निगा. आणि चार वर्षे त्याने हे सारे चोख सांभाळले. तुकोबांना व्यवहार कळत नव्हता अशी एक भाबडी समजूत आहे, ती खरी नव्हे. व्यवहार कळत होता म्हणूनच पुढे त्याचा त्याग झाला. ज्याला हिशेब येत नाही त्याने हिशेब सोडला यात कसले मोठेपण?

सतराव्या वर्षी आई-वडील गेले. पाठोपाठ सावजींची पत्नी गेली आणि सावजी तीर्थाटनाला निघून गेले. मग इ. स. १६३० चा दुष्काळ आला. पाऊस पडला नाही. गुजरातेपासून दक्षिणेपर्यंत हाहाकार झाला. शहाजहान बादशहाच्या इतिहासकारानेही या दुष्काळाचे भयंकर वर्णन करून ठेवले आहे. त्यातच लढाई. मोगल बऱ्हाणपुरास तळ देऊन निजामशाही बुडवायला बसलेले. विजापूरच्या मुरार जगदेवाने याच सुमारास पुणे जाळून बेचिराख केले. धान्य वाहणारे वंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांनिशी फौजांच्या पोटासाठी चालत. खेड्यातल्या पेठेला धान्य कुठून येणार? वाट बंद झाली की वाणी मेला. कुणाला उसने दिलेले परत येईना, घेतलेले फेडता येईना. बैल मेले. दिवाळे निघाले. पहिली पत्नी रखुमाई, आधीच दम्याने बेजार, ती अन्नावाचून गेली. लहानगा मुलगा संतूही गेला. महाजनाच्या घरात, जिथून गावाला माप मिळायचे, तिथे माणसे अन्नान्न करीत मेली. याचा चटका महाराजांच्या जिवाला कायमचा बसला.

तरी त्यांनी लगेच संसार टाकला नाही. महिपतिबोवा ताहराबादकरांनी महाराजांचे चरित्र भक्तलीलामृतात सांगितले आहे. तो ग्रंथ १७७४ सालचा, म्हणजे महाराजांच्या वैकुंठगमनानंतर सव्वाशे वर्षांनी झालेला. त्यातल्या दोन फेऱ्या आपल्या कामाच्या आहेत. एक कोकणातली. महाराज मिरच्यांच्या गोणी घेऊन घाट उतरले. झाडाखाली माल मांडून भजनात रंगले. गिऱ्हाइके आली, ज्याला जितक्या हव्या त्याने तितक्या नेल्या. देवाने माणसाचे रूप घेऊन वसुली केली, आणि परतताना एका ठकाने मुलामा दिलेली पितळेची कडी सोन्याची म्हणून गळ्यात मारली. यात एक गंमत आहे. मिरची ही मूळची आपली नव्हे, पोर्तुगीजांनी ती समुद्रापलीकडून पश्चिम किनाऱ्यावर आणली. समुद्राच्या वाटेने आलेली वस्तू देशावर पिकू लागली आणि देशावरचा वाणी ती कोकणात विकतो आहे, हे महिपतिबोवांच्या काळी कोणाला नवल वाटत नव्हते. वस्तूसुद्धा गाव बदलतात आणि घरच्या होऊन जातात. मग माणसांचे काय सांगावे!

दुसरी फेरी बालेघाटातली. जिजाईंनी आपल्या नावावर खत लिहून देऊन दोनशेचे भांडवल उभे केले आणि मिठाच्या गोणी भरून दिल्या. समुद्राचे मीठ घाट चढून देशावर येते. देशाला मिठावाचून भागत नाही, म्हणून मिठाची वाट ही सगळ्या वाटांची आई. लवण वाहणारे ते लमाण, अशी व्युत्पत्ती सांगतात ती यावरूनच. महाराजांनी मीठ विकले, दोनशेचे अडीचशे केले. म्हणजे धंदा येत होता पहा! पण परतीच्या वाटेवर कर्जासाठी कैदेत पडलेला एक ब्राह्मण दिसला, आणि सगळी रक्कम त्याच्या सुटकेला देऊन हात हलवीत घरी आले. जिजाईंच्या रागाची गोष्ट सांगून लोक हसतात. मला हसू येत नाही. खत त्या माउलीच्या नावावर होते. सावकार तिच्या दारात येणार होता. महाराजांचा त्याग मोठा आणि जिजाईंचे सोसणे त्याहून लहान नव्हे, हे कीर्तनकारांनी विसरू नये.

आणि या दोन्ही कथांत महाराजांना दिसले काय? वाटेच्या एका टोकाला नफा आहे आणि दुसऱ्या टोकाला कर्जाने बांधलेला माणूस आहे. तीच गोणी, तोच बैल, तोच कागद. दुष्काळात आपण ज्यांना दिले ते लोकही असेच बांधलेले आहेत आणि त्यांचे दोर आपल्या घरी खतांच्या रुमालात आहेत, ही टोचणी लागली. महाराज भामगिरीवर गेले. पंधरा दिवसांनी कान्होबा शोधीत शोधीत आले. तिथून दोघे इंद्रायणीच्या काठी आले आणि घरची कर्जखते मागविली. निम्मी कान्होबांच्या वाट्याला दिली, कारण भावाच्या पोटावर आपला त्याग लादायचा नाही. आपली निम्मी इंद्रायणीत सोडली.

भाविकहो, ही गोष्ट एका वाण्याच्या नजरेने पहा. वाण्याची वही म्हणजे त्याचे आयुष्य. बापाने दिलेले, आजाने दिलेले, कोणत्या गावच्या कोणत्या कुळाकडे किती, त्याचा बाप कोण, जामीन कोण, हे सारे त्या कागदांत. एका परीने गावाची वंशावळच. ती पाण्यात सोडणे म्हणजे पिढ्यांची पत पाण्यात सोडणे. त्या दिवशी परगण्यातल्या किती घरांत दिवा लागला असेल! त्या कुळांची नावे इतिहासाला मिळणार नाहीत. ती बुडाली हेच त्यांचे भाग्य.

त्यानंतर महाराजांनी पडके देऊळ नीट केले, कीर्तनाला उभे राहिले, बाबाजी चैतन्यांचा स्वप्नात अनुग्रह झाला, नामदेवरायांनी स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली. नामदेवरायही वाटेचेच यात्रिक. घराणे नरसीबामणीचे, शिंप्याचे. वास्तव्य पंढरपुरास आणि उत्तरेत पंजाबातल्या घुमानपर्यंत. त्यांची एकसष्ट पदे शीखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले तेव्हा आपल्याकडचे पुष्कळ लोक ती वाट चालून आले.

आता महाराजांचे टाळकरी पहा. संताजी जगनाडे चाकणचे तेली. शिवबा कासार आणि कोंडोबा लोहोकरे लोहगावचे. मल्हारपंत कुलकर्णी चिखलीचे. कचेश्वर ब्रह्मे चाकणचे. रामेश्वरभट्ट वाघोलीचे, आधी विरोधक आणि मग शिष्य. दूरवरून वेरुळाकडच्या देवगावच्या बहिणाबाई कुटुंबासह फिरत फिरत देहूला आल्या, आणि आपल्या घराण्याची हकिगत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. बाकी गावे बोटावर मोजा. ज्या पेठांत महाराजांच्या घरची देवघेव होती त्याच पेठांत नाम पसरले. वाट तीच, गावे तीच, ओळखीही जुन्याच, माल मात्र बदलला. पूर्वी माप घालून द्यायचे, आता मोजदाद नाही.

अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी तरल्या, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. मला त्यातले वेगळेच जाणवते. एकाच घराच्या दोन तऱ्हेच्या वह्या त्या नदीत गेल्या. कर्जाच्या स्वतः सोडल्या, त्या परत आल्या नाहीत, आणि परत याव्यात अशी कोणाची इच्छाही नव्हती. अभंगांच्या दुसऱ्यांमुळे सोडाव्या लागल्या, त्या परत आल्या. संताजी तेल्यांनी आपल्या हाताने अभंग उतरून घेतले. तेल्याच्या घरी ज्या वहीत घाण्याचा हिशेब असायचा तशाच वहीत वैकुंठाचा हिशेब उतरला. त्यांच्या वहीवरून वि. ल. भावे यांनी पुढे गाथा प्रसिद्ध केला. त्याआधी १८६९ आणि १८७३ साली सरकारी मदतीने दोन भागांत गाथा छापला गेला, तेव्हा देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथल्या वह्या जमविल्या होत्या. गावे पहा, पुन्हा तीच वाट.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे इ. स. १६५० मध्ये, महाराजांनी वैकुंठगमन केले. मागे महादेव, विठोबा हे पुत्र आणि काशी, भागीरथी, गंगा या कन्या. जिजाई गरोदर होत्या. नारायणबाबा नंतर जन्मले. हरीच्या विधवेची गोष्ट आठवते ना? पुन्हा एकदा या घराचा वेल आईच्या पोटातल्या बाळाने पुढे नेला. याच नारायणबाबांनी १६८५ साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत घालून वारीला सोहळ्याचे रूप दिले. पुढे छत्रपतींच्या दरबारातून इनामगावे मिळाली. इनाम आले तशी भाऊबंदकीही आली, तंटे झाले. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींची पालखी आळंदीहून वेगळी सुरू केली. घराण्याच्या काही शाखा देहूतच राहिल्या, काही पंढरपुरास गेल्या आणि तिथे देहूकर म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. देहूत राहणाऱ्याला कोणी देहूकर म्हणत नाही. गाव सुटल्यावरच गावाचे नाव माणसाला चिकटते.

संशोधक म्हणतात, वंशावळ शोधावी तर तंट्यांच्या कागदांत. ते खरेच आहे. इनाम, वाटणी, पाळी, मानपान यांसाठी भांडणारा माणूस पिढ्या बरोबर मोजतो. प्रेमाने राहणाऱ्या भावांचा कागद कशाला होतो?

आता त्या म्हाताऱ्या वारकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर. बाबा, असे करा. घरच्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, सुना कोणत्या गावांहून आल्या. कुळदैवत पहा. सातारकडच्या घराचे कुळदैवत तुळजापूरचे किंवा सौंदत्तीचे निघाले, तर वाट कुठून आली याचा माग तिथे धरता येतो, मात्र दुसरा पुरावा जुळल्याशिवाय निश्चय करू नये. आडनावात गाव असेल तर ते सुटलेले गाव समजा. मग त्या गावाला बाजार कोणता आणि त्या बाजाराला घाट कोणता ते पहा. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण येथल्या तीर्थोपाध्यायांच्या घरी नामावळीच्या वह्या असतात. तिथे गावाचे आणि आडनावाचे नाव सांगितले की उपाध्ये वही काढतात. आजा, पणजा कोणाबरोबर आला, पूर्वी कुठे राहत होता, कधी कधी त्याच्या हातची सही. जुने लेखन मोडीत असते, ते वाचणारा बरोबर न्या. आणि आपले नाव, मुलांची नावे, मुलींचीही, लिहून या. पुढच्याला उपयोगी पडतील.

हल्ली दाखल्यासाठी, वाटणीसाठी पुष्कळ लोक जुनी दप्तरे चाळतात. ती गरज असते, तिला मी नावे ठेवीत नाही. पण वंशावळ हाती लागली म्हणजे वारसा हाती लागला असे नव्हे. तुकोबारायांना बापाकडून दोन वाटा मिळाल्या होत्या. त्यांनी कर्जाची वाट नदीत सोडली आणि वारीची वाट सगळ्या महाराष्ट्राच्या नावावर करून दिली. आज पालखी देहूहून निघते, पुणे, लोणी, बारामती, इंदापूर, अकलूज करीत पंढरीला जाते. गावोगाव पेठा लागतात, दुकानदार तांब्याभर पाणी घेऊन उभा असतो. हाही एक सार्थच आहे. दिंडी हा तांडा आणि वीणेकरी हा सार्थवाह.

एक शेवटचे सांगतो. देहूची इंद्रायणी आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते, आणि भीमा पंढरीला जाऊन चंद्रभागा होते. महाराजांनी सोडलेले कर्जाचे कागद त्याच पाण्यात विरघळले. आपण वाळवंटात उतरून स्नान करतो तेव्हा त्या अनाम कुळांच्या सुटकेचे पाणी अंगावर घेत असतो. त्या कुळांत आपला कोणी आजा-पणजा नव्हता असे कोण सांगेल?

रामकृष्णहरि.